मुखरू सचिवाचा आवाज

हॅलो? … हाव, सुरेंद्र कॉम्प्युटर, बल्लारपूर. बोला… कोण? … जोरात बोला जी, इथी प्रिंटर सुरू आहे… कोण रिंकू?

अवं रिंकू, तू होय! मले वाटलं कोणी गिऱ्हाईक आहे. सख्ख्या भावाले कोणी 'नमस्कार, सुरेंद्रजी आहेत का' म्हणते का? … हाव, हाव… आन् हा नंबर कोणाचा? … शाळेच्या खुशाल गुरुजीचा. बरं. तुहा मोबाईल कुठी गेला मंग?

… तलावात? … मोबाईल तलावात कसा जाते वं? … मासोळीची टोपली उचलाले वाकली आन् कमरेतून पडला. वाह रे वाह! पोळ्याले घेऊन देलो मी तो, दसराबी नाई पाह्यला त्यानं… नाई, मी कुठी चिडलो? मी फक्त विचारून राह्यलो, तलावातल्या मरळीले आता रेंज येते का?

बरं, बरं. बोल. काय काम होतं? … काय? … पुन्हा सांग… लॅपटॉप?

थांब. डिंपल, वं डिंपल, ऐकलं का? आमची रिंकू लॅपटॉप चालवून राह्यली… नाई वं रिंकू, तुही वहिनी हासून नाई राह्यली. तिले ठसका लागला.

हाव, ऐकून राह्यलो. कोणाचा लॅपटॉप? … गुरुजीचाच. आन् त्याले काय झालं? … आवाज येत नाई… बिलकुल नाई? … आंगावर घेऊन पाह्यली का, थापटून? … अवं मजाक करून राह्यलो! नको थापटू, ते लेकरू नाई होय!

आता मले आधी सांग, लॅपटॉपात तुले ऐकाचं काय आहे? लग्नाची सीडी? … रेकॉर्डिंग. कायची रेकॉर्डिंग? … मुखरूची? कोण मुखरू, तुमच्या मच्छीमार सोसायटीचा सचिव? … हाव, ओळखतो ना. पांढरी पॅन्ट घालून तलावाच्या पाळीवर फिरते आन् चिखल लागू देत नाई, तोच ना? त्याचं काय गाणं भरलं का तू?

… हं… हं… थांब. हळू सांग, मले समजू दे. त्यानं तुमाले कागदावर अंगठे माराले लावले. कधी? … उन्हाळ्यात. जाळ्याचा कागद आहे म्हणून. सरकारकडून नवीन जाळे भेटतीन म्हणला… किती बायाईचे अंगठे? … तेवीस. आन् तुहा? … सही. म्हणजे तूबी केली! अवं तू त सातवी पास आहे, वाचली काऊन नाई? … मागं लाईन होती. वाह! मागं लाईन होती म्हणून बाईनं कागद वाचला नाई. तेवीस बाया अंगठा मारून फसल्या आन् तू शिकलेली, तू सही करून फसली. शाळेचा फायदा झाला मंग.

… बरं, चूप बसतो. सांग… मंग मागच्या आठवड्यात त्याच्या घरी पाहुणे होते, तुले मासे कापाले बोलावलं… तू आंगणात इळा घेऊन बसली, आन् मुखरू ओसरीवर. संग कोण होता? … ठेकेदाराचा माणूस. हं. आन् तू मोबाईलची रेकॉर्डिंग चालू करून टोपलीखाली ठेवला. तू? … अवं तुले भिंतीवरची पाल दिसली त तू बाहेर पळत होती!

काय म्हणला मुखरू? … सांग ना, जसाच्या तसा सांग…

'जाळ्याचा कागद म्हणलो त लाईन लावून अंगठे देल्या. या अडाणी बायाईले अक्षर का समजते.'

… असा म्हणला? … आन् हासला… आन् तो कागद कायचा होता खरा? … तलावाचा? … पाच वर्षं तलाव बाहेरच्या ठेकेदाराले? तुमच्या सगळ्याईच्या मर्जीनं? … म्हणजे तुमाले जाळं घेऊन पाण्यात उतरताच येणार नाई.

… हं.

नाई. आता कोणी हासून नाई राह्यलं. बोल.

आज सभा आहे… किती वाजता? … अकरा वाजता! तालुक्याचा सायब येऊन राह्यला, त्याच्यासमोर ठराव पास होणार. आन् आता दहा वाजून वीस मिनिटं झाले, आन् बाई मले आता फोन करून राह्यली. काल काय करत होती? … काल मोबाईल बुडला. हाव… पण मेमरी कार्ड वाचलं. गुरुजीनं तांदळाच्या डब्यात ठेवून वाळवलं. हुशार माणूस आहे… आन् आता कार्ड लॅपटॉपात टाकलं, फाईल दिसते, पण आवाज येत नाई. समजलं. इतकंच आधी सांगती त आतापर्यंत झालं असतं.

ही रेकॉर्डिंग आणखी कोणी ऐकली? … तुह्या सासूनं, रुखमाबाईनं? … तिनंबी नाई? आन् नवऱ्यानं? … काऊन नाई सांगितली वं? … 'कालची सून, काहीबी सांगते' म्हणतीन. हाव, म्हणतीन ना. मुखरू त पहिले म्हणन. म्हणून आवाजच पाहिजे. बरोबर आहे.

चाल, कामाले लाग. तू लॅपटॉपासमोर आहे ना? … समाजमंदिराच्या खिडकीजवर. रेंज तिथीच येते. बरं. हलू नको मंग तिथून.

फाईल कशात चालू केली? … रस्त्यावर ठेवतेत त्या नारंगी टोपीचं चित्र आहे, त्या प्लेअरात. हाव, टोपीच म्हण. चालू कर… खाली आकडे पळून राह्यले? … एक सेकंद, दोन, तीन… पळून राह्यले. म्हणजे फाईल ठीक आहे. आवाज कोणीतरी दाबून ठेवला आहे, बस्स. दोन मिनिटाचं काम. अशे लॅपटॉप मी रोज दहा पाह्यतो.

खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळ दिसते? … खोलीच्या कोपऱ्यात नाई वं, पडद्याच्या! … दिसलं. त्याच्या बाजूले छोटासा भोंगा आहे. त्याच्यावर लाल फुली असन… नाई? … फुली नाई, का भोंगा नाई? … भोंगाच नाई? अवं भोंगा नाई म्हणजे काय, कावळा घेऊन गेला? नीट पाह्य. डोळे मोठे कर… काय काय आहे तिथी? … बॅटरी… आन् एक ढाल… आन् घड्याळ. बस्स? … बरं. लपला असन. जाऊ दे.

आता सगळ्यात खाली डाव्या कोपऱ्यात एक बटन आहे, एफ एन लिहिलेलं. ते दाबून ठेव… दाबली? … आता वरच्या लाईनीत पाह्य, कोणत्या बटनावर भोंगा काढला आहे… हा! भेटला ना एक तरी भोंगा! दाब त्याले… काही झालं? … पुन्हा दाब… नाई? … अवं दोन्ही संगच दाबाचे, एक सोडून एक नाई! … संगच दाबले… नाई. बरं.

मले असं वाटते का तू काहीतरी चुकून राह्यली.

… नाई, मी कुठी म्हणलो तुले काही येत नाई? मी म्हणलो का चुकून राह्यली. ते वेगळं आहे… बरं, मंग तू इथी येऊन बस आन् मी तिथी मासे कापतो! … हाव. चिडू नको. बाजूले पाह्य लॅपटॉपाच्या. दोन गोल भोकं आहेत? … त्याच्यात काही फसलं आहे का? इयरफोनचा तुकडा, नाईतर शाळेतल्या पोट्ट्याईनं पेन्सिल तोडली असन… साफ आहेत. काडी नको घालू! … घातली? … काऊन घातली वं? मी सांगितलं होतं का काडी घालाले?

… कोण आलं? … बाया येऊन राह्यल्या. बसू दे त्याईले. सायब आला का? … नाई अजून. चांगलं आहे.

एक सेकंद, रिंकू. हाव भाऊ, तुमची झेरॉक्स त्या टेबलावर आहे, डिंपल देते तुमाले. हं, बोल. लॅपटॉप चालू होते तवा 'टिंग' करून वाजते का? … गुरुजीले विचार… आधी वाजत होता, आता महिन्यापासून वाजत नाई. बरं. पाहून घेऊ.

आता 'स्टार्ट' दाब. हिरवं बटन… वर एक लंबी यादी आली? त्याच्यात 'कंट्रोल पॅनल' पाह्य. सी पासून… अवं वाचता येते ना तुले, बाराखडी नको म्हणू, पाह्य… भेटलं. उघड. आता भोंग्याचं चित्र शोध… हाव, तिथी असतेच. दोनदा दाब. घाई घाई दाब, टकटक… उघडलं? वरच्या लाईनीत काय लिहिलं आहे? … नाई समजत त एकएक अक्षर सांग…

एन… ओ… हं, 'नो'… ए… यू… डी… आय… ओ…

पुढचं नको सांगू.

… हाव. माहीत आहे मले पुढचं काय असते. आन् खालचे सगळे बटनं फिके फिके दिसून राह्यले, दाबत नाई. हो ना? … हो.

रिंकू, गुरुजी बाजूले आहेत का? … विचार त्याईले, हा लॅपटॉप फॉर्मॅट केला होता का. फॉर्मॅट म्हणजे, दुकानात देऊन सगळा साफ करून, नवीन करून आणला होता का… केला होता. मागच्या महिन्यात. म्हणूनच. मी तुले सांगतो रिंकू, ज्यानं केला ना, तो माणूस गधा आहे. फॉर्मॅट केल्यावर आवाजाचा ड्रायव्हर टाकावा लागते… गाडीचा नाई वं! एक सीडी असते छोटीशी, ती टाकली नाई त लॅपटॉपाले माहीतच नाई राहत का आपल्याले तोंड आहे. लेकरालेबी समजते हे. आजकाल कोणीबी दुकान उघडून बसते. स्क्रूड्रायव्हर हातात आला का झाला इंजिनिअर! कुठी केला त्याईनं? … बल्लारपूरले?

… बल्लारपूरले कोणाच्या दुकानात?

… हॅलो? … आवाज कटून राह्यला तुहा…

… नाई. येते. ऐकलो मी.

त्याईनं स्वतः नाई आणला ना पण. कोणासंग पाठवला? … यष्टीच्या कंडक्टरसंग. निळ्या थैलीत. हाव… निळी थैली. आठवली. त्या दिवशी लाईट जाऊन येऊन करत होती ना, मंग… नाई. लाईटीचं काही नाई. राह्यलं माह्याकडून. ड्रायव्हर टाकाचा राह्यला.

डिंपल, हासू नको! ड्रॉवरमध्ये पाह्य, खालच्या. खुशाल गुरुजी लिहिलेलं सीडीचं पाकीट आहे का? … आहे. पाह्य बाप्पा. त्याच्यासाठी मी दहा मिनिटं फोनवर हिले अक्कल शिकवून राह्यलो.

… हाव रिंकू. बोल, जे बोलाचं आहे ते बोल. आज तुहा दिवस आहे… गधा म्हण. मीच म्हणलो ना आधी… हाव… हाव… झालं? … आणखी आहे? … बरं.

आता ऐक ना. अवं ऐक! बारा वाजताची गाडी आहे, मी सीडी घेऊन बसतो, दीड दोनपर्यंत येतो… हाव, सभा अकराले आहे, माहीत आहे. कार्ड लागते असा मोबाईल आहे का, गुरुजीचा नाईतर कोणाचा? … साधेच आहेत सगळे. गावात कोणाकडं नेट आहे? … नाई. तुमच्याकडं लाईट तरी आहे? … अकराले लोडशेडिंग. बॅटरी किती दिसते? … त्या बॅटरीच्या चित्रात किती भरलं आहे? … अर्ध्याच्या खाली. मोठे स्पीकर लावून काही उपयोग नाई, आवाज निघतच नाई त स्पीकर काय करन.

सायबाले म्हणा दोन वाजेपर्यंत थांबा… काय? … आला? जीप आली? … आन् मुखरू त्याच्याच जीपीतून उतरला. वाह! पांढरीच पॅन्ट घातली आहे का? … घातली.

रिंकू, आता नाई होत माह्याच्यानं. मी खरं सांगतो. इथून फोनवर नाई होत.

… रिंकू? … आहेस ना?

… काय म्हणते? … तू म्हणून दाखवते? म्हणजे काय, तू म्हणून दाखवते? … आकडे पळतेत ना पडद्यावर. हाव. पळतेत… त्या त्या आकड्याले तो काय म्हणला ते तू म्हणशील?

अवं पण तुले सगळं… किती वेळा ऐकली तू? … चाळीस वेळा? … पाठ आहे? … हासला कुठी तेबी पाठ आहे?

हे पाह्य रिंकू, तुह्या लग्नात नाव घ्याले सांगितलं त तू तोंडात पदर कोंबून बसली होती. आता सायब, मुखरू, पन्नास साठ माणसं, समोर सासू बसली… मी तुले भेव नाई दाखवून राह्यलो! मी म्हणून राह्यलो का… मी काय म्हणून राह्यलो…

नाई. काही नाई. जा.

फोन बंद करू नको पण. गुरुजीजवर दे. जा तू.

… हॅलो? नमस्कार गुरुजी. सुरेंद्र बोलतो… हाव, रिंकूचा भाऊ… हाव गुरुजी, मीच तो. चूक माहीच आहे. ड्रायव्हर टाकाचा राह्यला. तुमी महिनाभर मुक्या लॅपटॉपावर शिकवलं, फोन करून दोन शब्द म्हणाचे होते… तुमाले वाटलं फॉर्मॅट केल्यावर असंच होते. अरे देवा. नका असं म्हणू गुरुजी, आणखी लाज वाटते.

तिथी काय चालू आहे? … सायब खुर्चीवर बसला. हं… मुखरू वाचून राह्यला… 'सर्व सभासदांच्या संमतीने.' पाह्य बाप्पा… रिंकू कुठी आहे? … उभी झाली? … बोलून राह्यली का? … उभी आहे फक्त. बोल ना वं… नाई गुरुजी, तुमाले नाई.

… बाया काय करतेत? … खाली बस म्हणून राह्यल्या? कोण? … सासूच म्हणून राह्यली? ही रुखमाबाईबी ना… हं… मंग? … लॅपटॉप उचलून आणला. सायबाच्या टेबलावर ठेवला, तोंड मुखरूकडं करून. शाबास.

मुखरू काय म्हणते? … 'इथी काय सिनेमा दाखवाचा आहे का.' म्हण लेका, म्हण… आन् सारे हासले… हं… रिंकू काय म्हणली? … काय? … खरंच अशी म्हणली? 'याच्यात सचिवसाहेबाचा आवाज आहे, लॅपटॉपाचा गळा बसला म्हणून मी सांगून राह्यली'? … गळा बसला! … नाई गुरुजी, बरोबर आहे, गळा मीच बसवला त्याचा.

सायब काय म्हणते? … पाच मिनिटं देतो म्हणला. मंग लगेच चालू करा म्हणा… केली चालू? … फोन थोडा तिच्याकडं करा गुरुजी. खिडकीतून काढू नका, रेंज जाईन. नुसता वळवा…

…

… येऊन राह्यला. हळूच येते पण येते… ही रिंकू आहे? … आवाज ओळखूच नाई आला मले…

… गुरुजी, मधात काऊन थांबली? … मुखरू तवा पाणी प्यायला होता. म्हणून थांबली. बापरे… आकड्याबरोबर? … लोकं? … मुखरूकडं पाहून राह्यले.

… काय झालं? … लाईट गेली. अकराची लोडशेडिंग जरा उशिरा आली. जाऊ द्या, बॅटरी आहे ना… बॅटरीबी गेली? लॅपटॉप बंद झाला? … आन् रिंकू? … पाहूनच नाई राह्यली त्याच्याकडं. बोलूनच राह्यली. सांगू नका गुरुजी तिले. बिलकुल सांगू नका. बोलू द्या.

… कुठपर्यंत आली? … ठेकेदाराचा माणूस विचारते, बाया तयार कशा झाल्या. हां, आता येईन ते. आता येईन… म्हणली? … 'या अडाणी बायाईले अक्षर का समजते.' … हासलीबी? तशीच? मुखरूसारखी?

… कोण ओरडलं? गुरुजी, कोण ओरडलं ते? … मुखरू? … उभा राह्यला. काय म्हणते? … काय? … पुन्हा सांगा गुरुजी, माही चूक होऊन राह्यली ऐकाले…

'अडाणी म्हणलोच नाई मी! भोळ्या म्हणलो होतो! खोटं काऊन सांगते!'

… हे मुखरू म्हणला? स्वतःच्या तोंडानं? सायबासमोर? …

अरे बाप्पा! डिंपल, ऐक! तो मुखरू तिची चूक दुरुस्त करून राह्यला! … अवं ती म्हणली अडाणी, तो म्हणते भोळ्या. बस्स, एक शब्द चुकला म्हणते, बाकी सगळं बरोबर आहे!

हाव गुरुजी, बोला, बोला. सायब काय म्हणला? … 'म्हणजे बाकीचं बोललात तुम्ही?' … भले रे सायब! … आन् मुखरू? … 'जाळ्याचा कागद म्हणाची आयडिया माही नाई, ठेकेदाराच्या माणसाची आहे, मी फक्त अंगठे घेतलो.' … फक्त! तेवीस बायाईचे फक्त अंगठे! आता कोणी थांबवू नका त्याले गुरुजी. बोलू द्या. स्वतःहून चालला आहे त चालू द्या.

… हा काय गोंधळ आहे? … बाया उठल्या? … मारतीन का काय? … नाई. रुखमाबाई समोर गेली. काय म्हणली? … 'तो कागद वाच. पहिल्या अक्षरापासून. जोरात.' … वाह वं बाई! मघाशी सुनेले खाली बस म्हणून राह्यली होती… नाई, चांगलंच आहे.

वाचते का? … सायबानंबी सांगितलं वाचा म्हणून… हं… 'तलावावरील हक्क पाच वर्षांकरिता'… 'सभासद तलावात उतरणार नाहीत'… बाया काय म्हणतेत? … एक एक वाक्य झालं का विचारतेत, जाळं कुठी आहे याच्यात? … आन् तो काय म्हणते? … 'पुढं असन.' पुढं असन! अरे लिहिला कोणी तो कागद, त्यानंच ना!

आलं का जाळं? … संपला कागद? … नाई आलं. हं. येणार कुठून.

सायब? … कागद त्याच्या हातातून घेतला… हा ठराव होणार नाई म्हणला. चौकशी लावतो म्हणला… आन् हात वर करा म्हणते, ज्याईले हा कागद नको त्याईनं. बरं… बरोबर आहे, तसंच करावं लागते… किती हात? … मोजू नका गुरुजी, राहू द्या, मले ऐकूनच समजून राह्यलं.

काय झालं आता? … सभेत काय झालं ते रजिस्टरात लिहाचं आहे. मंग लिहा ना… सचिव लिहिते. हाव, नियमानं सचिवच लिहिते… बाया म्हणतेत त्याच्या हातानं एक अक्षर नाई. बरोबर म्हणतेत. मंग तुमीच लिहा गुरुजी… तुमी सभासद नाई. हं. मंग सभासदात लिहिणारं कोण आहे? …

… हाव गुरुजी. समजलं. द्या तिले.

… हॅलो? … रिंकू?

… अवं काऊन चूप आहे? … धाप लागली? पळाली होती का? … उभ्या उभ्याच लागली. बस जरा. पाणी पी… नाई, मी काय म्हणू? पाह्यजो, डिंपलले विचारजो, पाच मिनिटांपासून गिऱ्हाईक उभं आहे आन् मी त्याची झेरॉक्सबी नाई काढली.

… लिहाले बोलावलं ना तुले? मंग? … अक्षर खराब आहे! अवं त्याईले अक्षर कुठी पाहाचं आहे. जे झालं ते लिही, जसं झालं तसं लिही. जाळ्याचा कागद म्हणून अंगठे घेतले, हे पहिल्या लाईनीत लिही. सचिवानं सभेसमोर कबूल केलं, हे दुसऱ्या… हाव. 'कबूल'च लिही. सायब मोठा शब्द सांगन, तो नको लिहू, तुले जो येते तो लिही. मंग सगळ्याईले वाचून दाखव. मंगच सह्या.

… बोल, काय विचारून राह्यली? … 'सर्वानुमते' कसा लिहाचा? नको लिहू तो शब्द… अवं नको ना! त्याचा अर्थ सगळ्याईचा हात वर होता. एकाचाबी खाली असन त 'बहुमतानं' लिहाचं. आज एकबी गोष्ट खोटी नको कागदावर. मुखरू सभासद आहे ना? त्याचा हात…

… काय?

… त्यानंबी वर केला? … कागद नको म्हणून? … स्वतःच्याच कागदाले? … सगळ्यात उंच?

… मंग लिही बाप्पा, सर्वानुमते. 'स'च्या पुढं 'व'ले काना, वर रफार… 'न'ले पहिला उकार… हाव, बरोबर… सायब थांबून राह्यला? मंग माह्यासंग काय बोलत बसली? ठेव. ठेव आता…

अवं ठेव ना! लिही जा!